बुजवलेलं टाकं

कोंडाण्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत बावीस घरांची ठाकरवाडी आहे. तिच्या डोक्यावर भवरगड. एक पडका दरवाजा, तटाचे थोडे दगड आणि कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, एवढाच गड उरलाय. गेली तीस वर्षं तो बघायला येणाऱ्यांना धाऊ वर नेतो. दगड काठीने ठोकायचा, आवाज ऐकायचा, मगच पाय द्यायचा, ही त्याची रीत. पाय कधी चुकला नाही.

यंदा उन्हाळ्यात जीभ चुकली. गडाची डागडुजी करणारी शहरातली मुलं दर रविवारी येऊ लागली. त्यांनी धाऊचा सत्कार केला, गळ्यात हार घातला. त्या भरात त्याने टाकं दाखवलं. मातीने काठोकाठ भरलेलं, वर गवत माजलेलं. बाप बुधाजी सांगायचा, "म्हाताऱ्यांनी पाट्या वाहून बुजवलंय हे. उकरू नको." का, ते बापाने सांगितलं नाही आणि धाऊने विचारलं नाही. मुलांनी पाच रविवार खपून टाकं रिकामं केलं.

पावसात ते भरलं. श्रावणात मुलांनी पूजा करून पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या.

दोन दिवसांनी धाऊ एकटाच वर गेला. पाऊस चालूच होता, तरी पाणी दोन हात खाली उतरलेलं. उरलेल्या पाकळ्या एका कोपऱ्यात गोल गोल फिरत होत्या. त्याने शेजारच्या कातळावर काठी ठोकली. रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा आवाज आला.

घरी कोंडी, त्याची बायको, चुलीमागच्या भिंतीशी ओणवी झाली होती.

"आवं, हितं झरा फुटलाय बगा."

धाऊ वाकला. गढूळ धारेतून एक पिवळी पाकळी बाहेर आली. मग दुसरी.

पाकळी तळहातावर घेऊन तो शेजारच्या गोमाकडे धावला. "टाक्याचं पानी डोंगराच्या पोटात शिरलंय, गोमा. चूक माजी हाय. आजच्या आज समदी खाली शाळेत जाऊ."

गोमा हसला. "गळ्यात हार पडल्यापासनं डोंगर तुझ्याशी बोलाया लागला काय रं? लावनीनं आंग मोडलंय माजं. उद्या बगू."

गोमाची आई भागी ओट्यावर बसली होती. ती पाकळीकडे बघत राहिली. "आपल्या वर आनखी एक वाडी व्हती," ती म्हणाली. "सासू सांगायची. टाकं उघडं व्हतं तवाची गोष्ट. एका दुपारी डोंगराखाली गेली."

"मग बोलली का नायस, म्हातारे?" धाऊने विचारलं.

"मला कुनी इचारलं? तुमी तर पूजेला नारळ मागाया आलात."

तिने कोंबडी काखेत मारली आणि चालू लागली. तिला बघून लोक निघाले. दिवस कलायच्या आत शाळेचा व्हरांडा भरला. धाऊने वर पाहिलं. वाडीत एकाच चुलीचा धूर निघत होता.

तो परत चढला. गोमाच्या दाराशी थांबून त्याने पायरीवर काठी ठोकली.

"कोन हाय?" आतून गोमाने विचारलं.

धाऊने पुन्हा ठोकली. सकाळी कातळावर आला होता तोच आवाज. गोमा दारात आला होता, त्यानेही तो ऐकला. तो पायरीकडे बघत उभा राहिला. मग आत गेला, चुलीवर तांब्या ओतला आणि ती पायरी ओलांडून, तिच्यावर पाय न देता, बाहेर आला.