पाकटाच्या विषाची घडी

चहा पुढे आला की सर आधी खिशातला थर्मामीटर त्यात बुडवायचे. "अडुसष्ट. थांब जरा," असं चहालाच सांगायचे.

देवबागला ते आमचे शेजारी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, एकटे. प्रथिनं किती उष्णतेला मोडतात, एवढाच त्यांना विषय. अंडं, नारळाचा रस, बांगडा, काहीही चालायचं. माझी आई सोलकढी करताना त्यांना आत येऊ देत नसे. "सर, ती कांडी सकाळी खंय बुडवलात, तां माका ठावक आसा," म्हणायची.

"प्रथिन म्हंजे घडी घातलेली साडी," ते मला समजावत. "पण निसर्गाक पसारो आवडता. ऊब मिळाली की तो घडी मोडता."

मी होय म्हणायचो. तुम्हीही म्हणाला असता. न म्हणणाऱ्याला ते पुन्हा पहिल्यापासून समजावत.

मग माझ्या भाच्याचं लग्न आलं. सकाळी हळद धुवायला तो समुद्रात उतरला, त्याचा पाय वाळूत दडलेल्या पाकट माशावर पडला आणि शेपटीचा काटा घोट्यात घुसला. नवरदेव रडत मांडवात आला. मुहूर्ताला अर्धा तास, डॉक्टर मालवणात.

सरांनी जखम धुतली, आचाऱ्याकडून भाताचं आधण मागवलं, थंड पाणी घालून पंचेचाळीसवर आणलं आणि पाय पातेल्यात ठेवायला लावला. "विष म्हंजे प्रथिनच."

"किती वेळ?" नवरीच्या वडिलांनी विचारलं. ते आचरे गावचे, तापट.

"तासभर."

"मुहूर्त टळतलो."

"टळांदे. पाय भायर काढूचो नाय."

"मग माझी मुलगी पातेल्याक माळ घालतली काय?"

नवरीच म्हणाली, "बाबा, पातेलां थंयच ऱ्हवांदे. मीच तकडे येतंय."

तसंच झालं. अंतरपाट पातेल्यावरून धरला. मंगलाष्टकं चालू असताना सर दोघांच्या मध्ये उकिडवे बसून तापमान सांगत होते. "बेचाळीस," म्हणाले की आचारी कडेने बेतानं आधण ओतायचा. भटजी दोनदा ओळ चुकले. अक्षता पाण्यात पडल्या, त्या सरांनी वेचून बाहेर काढल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला भाचा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. सरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, तर सरांचेच डोळे भरलेले.

डॉक्टर नंतर म्हणाले, बरोबर केलंत.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. दफनाला आम्ही मोजकीच माणसं. भाचा आणि त्याची बायको कुडाळहून आली. नव्याने आलेल्या फादरनी त्यांना विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

भाच्याची बायको म्हणाली, "कोण नाय, फादर. पण आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते आसत."