मागच्या दाराची कडी

गंज दिसला की चकाचकच्या अंगात यायचं. सुरी असो, कात्री असो, सायकलची चेन असो, नाहीतर कुणाच्या आजोबांचं कुलूप असो, हा पठ्ठ्या ते रॉकेलमध्ये भिजत घालायचा, तारेच्या ब्रशने खसाखसा घासायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा आणि गिऱ्हाइकापुढे ठेवून म्हणायचा, "घ्या, चकाचक!" तेच त्याचं नाव पडलं.

आणि अशा माणसाच्या घरात मागच्या दाराच्या कडीला गंज! अहो, लाज वाटावी असा गंज! बरं, काढला म्हणून संपला, असंही नाही. हा काढायचा, थोडे दिवस जायचे, की कडी पुन्हा तांबूस, पुन्हा घट्ट. शेजारच्या दुकानातल्या किल्लीवाल्याला कळलं, तेव्हा तो पोट धरधरून हसला. "चकाचकराव, आधी घरचं गिऱ्हाईक सांभाळा!" चकाचकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याने भिंतीला ओल आहे का बघितलं. नव्हती. छप्पर गळतंय का बघितलं. तेही नाही. पुढच्या दाराची कडी ह्याच कडीबरोबर बसवलेली, ती मेली धडधाकट! त्याचं डोकंच चालेना.

"भुताटकी आहे का काय ही?" तो बायकोला म्हणाला. ती पुढच्या खोलीत, दाराजवळच शिलाई मशीनवर बसलेली असायची. मान वर न करता म्हणाली, "मागच्या दाराने जायचंय कुणाला? राहू दे ना तशीच."

राहू दे? गंज राहू दे? आणि हे चकाचकला सांगायचं? अतिच झालं!

सुट्टीच्या दिवशी त्याने स्क्रू काढून कडी उतरवलीच. दिवसभर तिच्या खनपटीला बसला. संध्याकाळी परत बसवली आणि वर असं तेल चोपडलं, की नुसतं बोट लावलं तरी सर्रकन सरकावी. म्हातारी आई स्टुलावर बसून बघत होती. "माझ्या लेकाच्या हाताला यश आहे हो," ती म्हणाली. ह्याची छाती फुगली. बायकोचं तोंड मात्र उतरलेलं. हिला मेलीला कशाचं कौतुकच नाही, असं म्हणून हा जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको दुकानात धावत आली. अनवाणी, गळ्यात टेप तशीच.

"अहो, आई घरात नाहीत! मागचं दार सताड उघडंय!"

"असेल शेजारी..."

"नाहीत हो! सगळी घरं पालथी घातली मी!"

मागचं दार म्हणजे थेट हमरस्ता. चकाचकच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली कात्री टाकून तो धावत सुटला.

चौकात दोन्ही बाजूंनी ट्रक खोळंबलेले, हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि मधोमध आई. हातात कापडी पिशवी. बापरे! पुढचा ट्रक तिच्यापासून हातभर लांब थांबला होता. चकाचकने झेप घेऊन तिला कडेला ओढलं.

"सोड! कोण रे तू मेल्या?"

"आई, मी आहे गं. मी!"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझा मुलगा शाळेत आहे," ती म्हणाली. "त्यालाच आणायला निघालेय. सोड, उशीर होतोय."

चकाचक जागच्या जागी थिजला. नाव विसरते, वय झालं, एवढंच तो आजवर धरून चालला होता. शेवटी मागोमाग धावत आलेली सूनच "चला आई, शाळेकडेच जातोय आपण" म्हणत तिला घरी घेऊन आली.

आईला खुर्चीत बसवल्यावर बायको म्हणाली, "कडीवर मिठाचं पाणी मीच घालत होते. रोज, तुम्ही दुकानात गेलात की. आज सकाळीही घातलं. पण तुमच्या तेलावर ते टिकेचना."

"तू?" ह्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "अगं, कुलूप लावायचं मग!"

"लावून पाहिलं. मला कोंडलं म्हणून दारावर डोकं आपटून घेतलं त्यांनी. कडी अडकलेली असली की चिडत नाहीत. गंजलीय म्हणतात, माझा लेक येऊन काढेल म्हणतात, आणि मुकाट येऊन बसतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. माझ्या आईला वेडी ठरवतेस, म्हणून तुम्ही ताट भिरकावलंत."

त्याला आठवत होतं. कसं नाही आठवणार! जिने रोज खपून आईला जपलं, तिलाच आपण घालूनपाडून बोलत आलो. त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

खुर्चीतून आईने विचारलं, "शाळा सुटली का गं?"

चकाचक उठला. फडकं आणि साबण घेऊन मागच्या दाराशी बसला आणि आपल्या हातांनी लावलेलं तेल घासघासून पुसू लागला. थेंब उरला नाही अशी खात्री झाल्यावर त्याने बायकोला हाक मारली.

"मीठ किती घालतेस गं?"