मुद्दा शेवटी

सकाळी डबे भरत होते, तोच दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या इंदुमतीताई होत्या. नागपूरला सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या. इथे कॅनडात, स्कारबरोत, त्यांची एकुलती विद्यार्थिनी म्हणजे माझी अनुया.

परिच्छेदात आधी प्रस्तावना, मग उदाहरणं, मुद्दा शेवटी, असं त्या शिकवायच्या. "दारात आल्या आल्या कोणी काम सांगतं का?" म्हणायच्या. शाळेला मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा होता. अनुयाला निबंधाच्या पेपरात डी मिळाला आणि आमच्या ह्यांनी काल ताईंना फोन करून शिकवणी बंद केली.

"आजी, यू टॉट मी राँग," अनुया तोंडावर म्हणाली. मी डब्यांची झाकणं लावत राहिले.

"म्हणजे सव्वीस वर्षं पोरांना चुकीचंच शिकवलं म्हणा की," ताई म्हणाल्या. "हिला नका पाठवू. तिचा तो पेपर तेवढा मला वाचायला द्या."