रोनकशेठची बकेट सीट

जळगावात भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून कुकरच्या शिट्ट्या आणि रबरी रिंगा विकणाऱ्या रोनकच्या अंगात रेसर नेमका कधी शिरला, हे त्याच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता शिरला असावा. आयुष्यात त्याने कोणाशी सायकलचीही शर्यत लावलेली नव्हती. गावातल्या खड्ड्यांत त्याची छोटी हॅचबॅक तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नसे, आणि धुळ्याला, होणाऱ्या सासुरवाडीला, निघाला की पारोळ्यापर्यंत बिचारा कापसाच्या ट्रकमागेच असायचा. पण गाडीत बकेट सीट पाहिजे म्हणजे पाहिजे.

दोन सीटा पुण्याहून आल्या. काळ्या, लाल शिलाईच्या, माणसाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या. गॅरेजवाल्या भूषणने पुढच्या मूळ सीटा काढून त्या बसवल्या. रोनक आत बसून म्हणाला, अजून खाली घे. भूषणने ब्रॅकेट बदलले. रोनक म्हणाला, अजून.

"भाऊ, आते याना खाले रस्ताच शे," भूषण म्हणाला. "तुमनं ठीक शे. पन मायनं कसं व्हई? ती कशी उतरी?"

"मम्मीचं काय एवढं? हात दिला की झालं," रोनक म्हणाला.

आईला मागे बसवावं, तर मागची सीट त्याने गाडीचं वजन कमी करायचं म्हणून आधीच काढून टाकली होती. त्या मोकळ्या जागेत कुकरची खोकी भरून वजन पुन्हा होतं तेवढं करून घेतलं होतं, ती गोष्ट वेगळी.

त्याच्या आईचे, सायरबाईंचे, गुडघे पार गेलेले. त्यात चातुर्मास सुरू झाला. रोज सकाळी जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला जायचा त्यांचा नेम काही चुकणार नव्हता. गाडीत त्या बसत नसत, पडतच असत म्हणा ना. उतरताना आधी एक पाय बाहेर यायचा, मग सीटच्या उंच कडेत कंबर अडकायची, मग रोनक दोन्ही हात धरून ओढायचा. पहिल्या दिवशी हा सोहळा स्थानकाच्या दारातच झाला. पायरीवरच्या बायका हसल्या, सायरबाईही हसल्या. रोनक मात्र शरमेने लाल झाला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडी मागच्या गल्लीत नेऊ लागला. सीट वर घ्यावी, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

त्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हिनामावशी राहत. रोनकची जिच्याशी सगाई झाली होती त्या धुळ्याच्या रूपलची ही सख्खी मावशी. गॅलरीत तुळशीला पाणी घालताना त्यांना रोज सकाळी एकच देखावा दिसू लागला. होणाऱ्या जावयाची गाडी येते. शेजारच्या सीटवर कोणीतरी पार खाली दबून बसलेलं, काचेतून दिसतं ते फक्त गुलाबी पदराचं टोक. जावई उतरतो, गल्लीत दोन्हीकडे बघतो, दार उघडून वाकतो आणि कोणाचे तरी हात धरून बराच वेळ तसाच राहतो. पुढचं काही मावशींना दिसत नसे, कारण स्थानकाच्या मागच्या दारावरचा पत्रा आड यायचा. एवढं मात्र त्यांना पुरेसं होतं. त्यांनी धुळ्याला फोन केला. धुळ्याच्या नातेवाइकांत बातमी फिरेपर्यंत गुलाबी पदर लाल झाला आणि त्या बाईला एक मूलसुद्धा झालं.

रूपलचे वडील हस्तीमल सरळ माणूस. ते मुलीला घेऊन थेट जळगावला आले, तिथे हिनामावशींना सोबत घेतलं आणि रोनकचं घर गाठलं. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, पण विषय कसा काढावा ते त्यांना सुधरेना. शेवटी रूपलच म्हणाली, "रोज सकाळी त्या मागच्या गल्लीत तुम्ही कोणाला उतरवता?"

रोनकला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खो खो हसला. "अगं, ती तर मम्मी!"

नुसतं सांगून त्याचं समाधान होईना. सगळ्यांना त्याने खाली नेलं. सायरबाईंना सीटवर बसवलं, काच लावली, पदराचं टोक दाखवलं, आणि मग हात धरून ओढून काढूनही दाखवलं. सायरबाई कळवळल्या, पण पाहुण्यांसमोर कसंबसं हसल्या. मावशींनी कबूल केलं की पदर हाच. हस्तीमलजींचा जीव भांड्यात पडला. रोनकची छाती तर अशी फुगली होती की सीटमध्ये मावली नसती.

रूपल तेवढी हसत नव्हती. ती सायरबाईंकडे बघत होती. त्या गाडीला टेकून गुडघा चोळत होत्या.

"पुढच्या दारात का नाही उतरवत?" तिने विचारलं.

"तिथे लोक हसतात ना. माझी किती ओळख आहे तिथे."

"मग सीट वर घेता येत नाही?"

"येते की. पण मग गाडीला लुक काय राहिला?"

"उद्या माझे गुडघे दुखायला लागले," रूपल म्हणाली, "तर मला कोणत्या गल्लीत उतरवाल?"

रोनकने यावर खरोखर विचार केला. "तुझं वय काय, आणि तुझे गुडघे कशाला दुखतील?" तो म्हणाला.

रूपलने सायरबाईंना धरून जिना चढवून वर नेलं, त्यांच्या पाया पडली, आणि बोटातली अंगठी काढून हळूच त्यांच्याच हातात ठेवली. सायरबाईंनी डोळे पुसले आणि अंगठी पदराच्या टोकाला बांधून घेतली. हस्तीमलजी मुलीला समजवणार होते. पण व्याह्यांच्या घरून परत निघताना त्यांचं लक्ष पुन्हा त्या सीटकडे गेलं आणि त्यांनी तो विचार सोडला.

रोनक आजही दुकानात येईल त्याला सांगतो की एका संशयी मावशीने त्याची सगाई मोडली, तीही तो निर्दोष सुटल्यावर. ऐकणारे हळहळतात आणि कुकरची रिंग घेऊन जातात. सायरबाई आता व्याख्यानाला रिक्षाने जातात आणि स्थानकाच्या पुढच्या दारात उतरतात.