कोलिस्टिनपुढचा ‘आर’

प्रतिभाताई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा शहाद्याच्या एसटी स्टँडसमोरच्या माझ्या मेडिकलात मी एका गिऱ्हाइकाला अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कापून देत होतो. डॉक्टरची चिठ्ठी न मागता. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचा राग माझ्यावरही आहे.

ताई कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. ब्राह्मणपुरीहून एसटीने येत, उतरल्या की आधी माझ्या दुकानात डोकावत. पिशवीत कोंबड्यांच्या शेडमागच्या गटाराचं पाणी भरलेल्या बाटल्या. कोंबडी लवकर भरावी म्हणून शेडवाले खाद्यात कोलिस्टिन घालायचे. माणसाला दुसरं काहीच लागू पडेना, की डॉक्टर शेवटी काढतात तेच औषध. बंदी आली, तरी ताईंना गटारात सापडणारे काही जंतू त्याला दाद देत नव्हते. औषध ज्या आवरणाला चिकटतं, ते आवरणच बदलणारं जनुक त्यांच्यात आलं होतं.

“गटारातल्या जंतूचं माणसाला काय, ताई?” मी एकदा हसून विचारलं.

“भाऊ, ते जनुक डीएनएना एका सुट्या कड्यावर रहास. एक जंतू दुसराले देस, जात-पात देखत नही. आनि तू दोन गोया कापीसन देस, तठे जो मरत नही तोच वाढस.”

शेडवाल्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. त्यांचा तक्रारीचा अर्ज एका कचेरीने दुसरीकडे पाठवला, दुसरीने हा विषय आपला नाही म्हणून परत केला... आणि मी गोळ्या कापत राहिलो.

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ताईंच्या रक्तात जंतू गेला. भेटायला गेलो तर त्यांनी रिपोर्ट मागून घेतला होता. औषधांची यादी, प्रत्येकापुढे ‘आर’... म्हणजे रेझिस्टंट, निरुपयोगी. बोट शेवटच्या ओळीवर, कोलिस्टिनवर थांबलं. “आते काही उरनं नही, भाऊ,” त्या वर्गात सांगावं तशा म्हणाल्या. चौथ्या दिवशी गेल्या.

दाखल्यावर काय लिहिलं? हृदयक्रिया बंद पडली. मेल्यावर कुणाची चालू राहते? जंतूचं नाव नाही, औषधाचं नाही. तो शेडमधून आला की दवाखान्यातून, हे कुणी शोधलं नाही. शोधणारी आमच्याकडे एकच होती.

ताईंनी मला एकदा स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून दिली होती: ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही.’ तीन वर्षं ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. तेराव्यानंतर ती काउंटरवर लावली. काल एकाने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या मेडिकलात गेला. एसटी सुटायच्या आत तो गोळ्या घेऊन गाडीत बसलाही होता.