कादरी सर आणि न उघडणारी फाईल

कादरी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत जिंतूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात एका शाळेचं संकेतस्थळ दुरुस्त करत बसलो होतो. आसपासच्या काही शाळांची संकेतस्थळं मी माझ्याच ऑफिसातल्या सर्व्हरवर ठेवतो. सर्व्हर म्हणजे सदा चालू असणारं एक यंत्र. लोक मोबाईलवर पत्ता टाकतात आणि ते यंत्र हवी ती फाईल त्यांच्यापुढे उघडून धरतं. त्या दिवशी ते धरत नव्हतं. दहावीच्या मुलांना सरावाच्या प्रश्नपत्रिका हव्या होत्या आणि पडद्यावर एकच उत्तर येत होतं... परवानगी नाही. फाईल तर मीच ठेवलेली. तेवढ्यात सरांच्या विभागातल्या जुन्या नागोरावमामांचा फोन आला. "मिलिंदा, सर गेले रे. पहाटंची फजरची नमाज पढून खुर्चीत बसले अन् बसलेच." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. काय करावं ते सुचेना, म्हणून हातातलं काम तसंच करत राहिलो. फाईल नीट होती. तिच्या वरचा फोल्डर नीट होता. त्याच्याही वरच्या फोल्डरात शिरायची मुभा सर्व्हरला नव्हती. ती दिली आणि प्रश्नपत्रिका उघडली. मग मात्र मला रडू आलं, कारण असं एकेक पायरी तपासत जायला ज्यांनी शिकवलं ते आता नव्हते.

रडू ओसरल्यावर बरंही वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. सर ऐंशीच्या घरात होते. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाच्या हातून पाणी प्यायची वेळ आली नाही. त्यांना दुसऱ्याच्या मदतीनं उठण्याबसण्याची फार धास्ती होती. तो प्रसंग आला नाही, याचं आम्हा सगळ्यांना समाधान आहे.

सर परभणीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याकडे एम.एस्सी.ला आलो तो नव्वदीच्या सुरुवातीला, चारठाण्याजवळच्या एका खेड्यातून. आम्ही बौद्ध. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते, पुढे मुकादम झाले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. विभागात तेव्हा नुकताच मोठा कॉम्प्युटर आला होता. वेगळ्या थंड खोलीत एक मुख्य यंत्र आणि त्याला जोडलेले काही पडदे, सगळे विद्यार्थी त्या एकाच यंत्रावर काम करणार. संस्थेतल्या काहींचं म्हणणं होतं की असलं काम औरंगाबादला पाठवून करून घ्यावं, उगाच हा हत्ती दारात कशाला बांधायचा. सरांनी ऐकलं नाही. "आपलं काम आपल्या खोलीत झालं पाहिजे. बिघडलं तर आपणच दुरुस्त करू. त्याशिवाय पोरं शिकणार कशी?" त्या खोलीत धूळ चालायची नाही, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. पहिल्या दिवशी मी चप्पल काढून दाराबाहेरच उभा राहिलो. आत जायचं की बोलावलं तर जायचं, ते कळेना. सरांनी पडद्यावरून मान न उचलता म्हटलं, "मिलिंदमियाँ, चप्पल बाहेर काढायची असते. माणसानं आत यायचं."

ते सगळ्या मुलांना असंच हाक मारत. देशमुखाच्या पोरालाही मियाँ आणि मलाही मियाँ. नागोरावमामा या खोलीचे ऑपरेटर. सकाळी यंत्र चालू करायचं, संध्याकाळी बंद करायचं, कागद भरायचा, झाडून घ्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे. सरांनी त्यांना यंत्राचे हुकूमही शिकवले होते. मामा ते मोठ्या हौशीनं वापरायचे आणि आम्हाला दरडावायचे, "ए, उगी बटनं दाबू नका रे, आत काय मोडलं म्हंजी माझ्या नावानं शंख!"

माझा प्रबंध शाळा सोडणाऱ्या मुलांवर होता. जिंतूर तालुक्यातल्या खेड्यांत सायकलवर फिरून मी घराघरांतून माहिती आणली होती... कुणी कितवीत शाळा सोडली, का सोडली. ती सगळी मी महिनोन् महिने बसून यंत्रात भरली. सरांचं त्यावर बारीक लक्ष असायचं. एकदा एका मुलीच्या शाळा सोडण्याच्या कारणापुढे मी 'इतर' असं भरलं होतं. सरांनी बोट ठेवलं. "हे इतर म्हणजे काय?" मी म्हणालो, "सर, शाळेच्या वाटेवर ओढा आहे. पावसाळ्यात पाणी असतं." ते म्हणाले, "मग ओढा लिही की. इतर कशाला लिहितोस? ती पोरगी इतर न्हाई." माझी धाकटी बहीण दहावी होऊन घरी बसली होती. मला नोकरी लागली की ती परभणीला अकरावीला येणार, असं घरात ठरलं होतं. प्रबंध वेळेत दिला नाही तर माझं वर्ष जाणार होतं, आणि माझ्याबरोबर तिचंही.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा शेवटाला आला होता. होणार, नाही होणार, अशा बातम्या रोज बदलत. मराठवाड्यातली हवा कशी होती ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. बंद पुकारला की बाजार मिटायचा, एसट्या थांबायच्या, कॉलेजला कुलूप लागायचं. आमच्या वस्तीतली माणसं संध्याकाळी लवकर घरात यायची. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात असाच एक बंद झाला आणि प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली असताना कॉलेज मिटलं. उघडल्याबरोबर मी सकाळी पळतच विभागात गेलो. मामांनी यंत्र चालू केलं होतं आणि ते छपाईयंत्राची रिबन आणायला बाजारात गेले होते. मी माझं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. यंत्रानं मला आत घेतलं. पण प्रबंधाची फाईल मागितली तर इंग्रजीत उत्तर आलं, परवानगी नाही. पुन्हा मागितली... परवानगी नाही. यादी मागितली, तीही मिळेना. माझ्याकडे फ्लॉपीवर एक जुनी, अर्धी नक्कल होती. तेवढ्यावर काही भागणार नव्हतं.

त्या दिवसांत असं काही झालं की मनात पहिली शंका कोणती येते, ते मी वेगळं सांगत नाही. आदल्या रात्री खोलीवरचा जोडीदार म्हणालाच होता, "तुझा डिपार्टमेंट लय चांगला हाय म्हणतूस, बघू आता." मी हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. थोड्या वेळानं सर आले. ल्युनाची किल्ली खिशात टाकत त्यांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

मी पडदा दाखवला. आणि सरळ विचारलं, "सर, मला मुद्दाम बंद केलंय का?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे छे, असं कसं होईल, भलतंच काय डोक्यात घेतोस. सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पडद्यावरचं उत्तर एकदा वाचलं. मग स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "केलं असंलही. माझ्या डिपार्टमेंटात तसं होणारच न्हाई, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. पण आधी कुठं अडलंय ते बघू. कुणी अडवलं ते त्यातूनच निघंल."

सरांकडे यंत्राच्या मालकाची चावी होती. त्या परवलीच्या शब्दानं आत गेलं की काहीही उघडतं. मी म्हणालो, "सर, तुमच्या नावानं उघडा ना." ते म्हणाले, "उघडंल की. मालकाला सगळं उघडंच दिसतं, म्हणून त्याला रोग कळत न्हाई. तुला काय दिसतंय ते मला बघायचंय. तूच बस. अन् मोठ्यानं बोल, काय करायलास ते." फाईल मुळात आहे की नाही एवढंच त्यांनी शेजारच्या पडद्यावर आपल्या नावानं बघितलं. होती. पूर्ण होती, शेवटची तारीखही बरोबर होती. "आता ही कुणाच्या नावावर आहे, वाच." मी वाचलं. "माझ्या." "तुला काय काय हक्क आहेत?" "वाचायचा, लिहायचा." "म्हणजे फाईलीनं तुझं काही वाकडं केलं न्हाई. तिला सोड. आता वर चल."

मला ते समजेना. फाईल माझी, हक्क माझा, मग उघडत का नाही? सर हसले. "पोखर्णीला गेलायस का कधी? नरसिंहाचं देऊळ उघडं आहे, आत दिवा लागलाय, पुजारी बसलाय. पण वाटेतला पूल बंद असंल तर तू पोचशील का? आणि न्हाई पोचलास म्हणून देवळावर रुसशील?" मग आम्ही अगदी वरून निघालो. यंत्राची सगळ्यात वरची जागा, तिथून तिच्यातली एकेक डिरेक्टरी. डिरेक्टरी म्हणजे आजच्या भाषेत फोल्डर. प्रत्येक ठिकाणी सर विचारायचे, "इथून पुढं जाता येतंय?" आणि मी मोठ्यानं म्हणायचो, "येतंय." माझा आवाज हळूहळू ताळ्यावर यायला लागला होता. शेवटी आमच्या विभागाच्या डिरेक्टरीशी आलो. तिथे सरांनी मला वाचायला लावलं आणि मी वाचता वाचता थांबलो. तिच्यात शिरायचा हक्क मलाच काय, कुणालाच नव्हता. सगळे विद्यार्थी बाहेर होते. शिंदे, देशमुख, पठाण, सगळे. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो, म्हणून फक्त मला कळलं होतं.

सगळ्यांनाच बंद आहे, एवढं वाचून मला जे हायसं वाटलं ते आजही आठवतं. "कुणाच्या ताब्यात आहे ही?" सरांनी विचारलं. मी नाव वाचलं. नागोराव.

मामा रिबनचा खोका घेऊन आत आले. सरांनी विचारलं, "नागोराव, डिपार्टमेंटला कडी कुणी घातली?"

"मीच की," मामा अभिमानानं म्हणाले. "बंद व्हता ना गावात! कोन येईल, काय करंल, काय भरोसा? शटर वडलं, खिडक्या लावल्या, पंख्याचं बटन काडलं, अन् आतून डिपार्टमेंटबी बंद करून टाकलं. तुमीच शिकवलं हुकूम."

"अन् उघडायचं?"

मामांचा चेहरा पडला. "उघडायचं ऱ्हायलंच की सर." मग माझ्याकडे बघून, "आरं मिलिंदा, तुजं काय अडलं का काय?"

"जीव अडला होता त्याचा," सर म्हणाले. मामा इतके कावरेबावरे झाले की मलाच हसू आलं. ते घाईनं हुकूम द्यायला लागले, 'सगळ्यांना सगळं' असा. सरांनी त्यांचा हात धरला. "आहिस्ता. तसं केलं तर कुणीबी कुणाचंबी पुसून जाईल. येऊ द्यायचं म्हणजे सगळं मोकळं सोडायचं असं न्हाई. जाण्यायेण्यापुरतं उघड." मामांनी पुन्हा बरोबर हुकूम दिला. मी फाईल मागितली आणि माझी खेडी, माझी मुलं, ती ओढ्याची नोंद, सगळं पडद्यावर उतरलं. मी लगेच शेजारच्या खोलीत छपाईला पळालो.

प्रबंध वेळेत गेला. पुढच्याच जानेवारीत नामांतराचा निर्णय झाला. त्या रात्री आमच्या वस्तीत कुणी झोपलं नाही. बहीण जूनमध्ये अकरावीला आली. ती आता नांदेडला नर्स आहे. मला आधी कॉलेजात आणि मग याच धंद्यात काम मिळालं. सरांकडे अधूनमधून जायचो. त्यांचं नेहमीचं एकच, "काय मियाँ, कुठं अडलंय का?"

सर गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी, चाळिसाव्याच्या जेवणाला, त्यांच्या घरी गेलो. अंगणात सतरंजीवर नागोरावमामा बसले होते, आता निवृत्त, डोळ्याला जाड चष्मा. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बाजूला बसलो. त्या सकाळचा विषय निघाला. मी हसत म्हणालो, "मामा, तुमच्या कडीनं माझा जीव घेतला होता."

मामा हसले नाहीत. "तुला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "तू गेलास छापायला. सर खुर्चीत बसले. मला पानी मागितलं. एक गिलास गटागटा पिले, अन् दुसराबी मागितला. मी म्हनलं, सर, चूक झाली, माफी करा. तर म्हनले, नागोराव, तूच निघालास, लय बरं झालं बाबा. दुसरं कुनी निघालं असतं तर मी त्या पोराला काय सांगनार व्हतो..."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्या सकाळी त्या खोलीत घाबरलेला मी एकटाच होतो.