रुख्माबाईची दहा पदं

रुख्माबाई आणि केवळराम अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि जत्रेच्या मंडळानं नेमकं त्या दोघांनाच एका मंचावर बसवायचं ठरवलं! म्हणे, दोन हजार सातच्या नवेगाव बांधच्या मंडईत नाटकाआधी फक्त रुख्माबाईचं गाणं आणि केवळरामचा ऑर्गन. मंडळाला अक्कल असती तर मग आणखी काय पाहिजे होतं!

वीस वर्षं रुख्माबाई नाटक कंपनीची गायिका. धान कापून झालं की गावोगाव मंडईची जत्रा, आणि पडदा उघडला की तिचा सूर. मग ऑर्गनवर बसणाऱ्या केवळरामनं मालकाच्या कानाला लागून सांगितलं, बाईचा आवाज गेला. झालं! पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरी आली. तेव्हापासून त्याचं नाव निघालं तरी ती थुंकायची. आता मात्र हजार माणसांसमोर त्या मेल्याला खोटं पाडायची संधी चालून आली होती. म्हणून तिनं दहा पदं निवडली, त्यातली सात अशी चढ्या सुरांची की तरण्या पोरींच्याही तोंडाला फेस यावा.

यादी पक्की करायला दोघं मंडळाच्या सचिवाच्या, भुपेंद्रच्या ओसरीत बसले. दोन टोकांना, तोंडं फिरवून. केवळरामनं यादी वाचली, पेन मागितला आणि त्या सातही पदांवर काट मारली.

"भुपेंद्र, त्याले विचार, काऊन काटली?"

"तिले सांग, हे तिच्यानं होत नाही. खालच्या सुरातली घे म्हणा."

"त्याले विचार, गाणं त्याच्या बापाचं हाये का?"

"मावशी, ते इथंच त बसून हायेत. तुम्हीच बोला ना."

"मी कुत्र्याशी बोलत नाही!"

केवळराम उठला. तालमीसाठी ऑर्गन ओसरीतच आणून ठेवला होता. त्यानं झाकण उघडलं, पायानं भाता चालवला आणि काटलेल्या पहिल्याच पदाचे सूर धरले. रुख्माबाईनं पदर खोचला. मुखडा छान झाला. अंतरा चढला, ती सगळ्यात वरच्या सुराशी पोचली, आणि त्यानं दोन्ही हात उचलले. ओसरीत तिचा एकटीचा आवाज उरला, आणि तो जुन्या लुगड्यासारखा टरकन फाटला.

केवळराम सरळ तिच्याकडं बघून बोलला, "ऐकलं? कंपनीत शेवटची दोन वर्षं या जागेवर मी सूर दाबून धरत होतो. तुहं फाटलेलं लोकायले ऐकू जाऊ नये म्हणून. तुले वाटे, तूच गाऊन राहिली. शेवटी थकलो, मंग मालकाले सांगितलं."

खोटं बोलला असता तर तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण खरं बोलला होता मुडदा! दोन वर्षं यानं आपल्याला भीक वाढली आणि आपण ती टाळ्या समजून खाल्ली, या विचारानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं यादी ओढली. सहा पदांवरची काट तशीच राहू दिली. आत्ता जिथं आवाज फाटला, तेवढं एक पद खाली पुन्हा लिहिलं.

"भुपेंद्र, त्याले सांग, हे मी गाईन. वरच्या जागेवर त्यानं हात उचलायचे. सूर भरला त मंचावरच ऑर्गनले लाथ घालीन."

"हसतीन लोक," केवळराम म्हणाला.

"हसू दे म्हणा."

मंडईत तो अंतरा आला. केवळरामनं हात उचलले. आवाज फाटला. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, कुणी ओरडलं, "बस करा, आजी!" रुख्माबाईनं तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. तिसऱ्या खेपेला त्याच फाटक्या आवाजानं ती वर टेकली आणि ओळ पुरी करूनच खाली आली. शिट्ट्या थांबल्या होत्या. टाळी मात्र एकानंही वाजवली नाही.

मंचाच्या पायऱ्या उतरताना केवळरामनं आधाराला हात पुढं केला. तिनं तो झिडकारला आणि भुपेंद्रकडं वळली.

"त्याले सांग, आज मीच गायली."